मुंबई आंदण देणाऱ्यांच्या घरी

परदेश पाहण्याची हौस आता कुणी लपवून ठेवीत नाही. पूर्वी विलायतेला जाणारा माणूस बॅरिस्टर व्हायला जाई, नाहीतर सरकारी कामासाठी जाई. नुसते पाहायला म्हणून समुद्र ओलांडणारा एकतर संस्थानिक असला पाहिजे, नाहीतर वेडा, असाच लोकांचा समज होता. आज आमच्या नेरूळच्या बागेतल्या बाकांवर संध्याकाळी पाच पेन्शनर बसले असतील, तर त्यांतले तिघे युरोप करून आलेले असतात, चौथ्याने सहलीचे पैसे भरलेले असतात आणि पाचवा 'त्यात काय पाहायचंय?' असे विचारीत असतो. 'युरोप करणे' हा शब्दप्रयोगही कसा बोलका आहे पाहा! अष्टविनायक करावेत, चारधाम करावेत, तसाच युरोप करायचा. बारा दिवसांत सात देश. रोज पहाटे बॅग भरायची, बसमध्ये बसायचे, एका मनोऱ्यापुढे उभे राहून छायाचित्र काढायचे आणि परत बसमध्ये बसायचे. ह्यात मी कुणाची टिंगल करीत नाही. म्हाताऱ्या माणसांना परमुलखात वरणभात खाऊ घालून सुखरूप घरी आणून सोडणाऱ्या सहल कंपन्यांचे आपल्या समाजावर मोठे उपकार आहेत. पण मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, आणि हे न्हावा-शेव्याच्या बंदरात जहाजांच्या कागदपत्रांत बुडून राहिले. आयुष्यात एकदाच जायचे, तर एकच देश पाहायचा आणि तो नीट पाहायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले. त्या एका गोष्टीवर आमचे एकमत झाले. पुढच्या सगळ्या गोष्टी मात्र भांडून ठरल्या.

ह्यांना इटली हवे होते. मला ग्रीस पाहायचे होते. मुलीने पुण्याहून फोनवर स्वित्झर्लंड सुचवले, कारण तिथे भांडायला वाव नसतो म्हणे. शेवटी आम्ही ज्या देशाचे नाव काढले ते ऐकून बागेतल्या बाकांवर एकदम शांतता पसरली. पोर्तुगाल!

"पोर्तुगालला काय आहे?" हा प्रश्न गेल्या चार महिन्यांत मला इतक्या जणांनी विचारला आहे, की त्याचे उत्तर एकदा छापूनच टाकावे, म्हणून हा लेख.

बेलापूरचा बुरूज

आमच्या नव्या मुंबईला इतिहास नाही असे म्हणतात. सिडकोची स्थापना १९७० सालची. माझ्या वयापेक्षा शहराचे वय कमी. सेक्टर, प्लॉट आणि नोड ह्या तीन शब्दांत आमचा भूगोलही संपतो. पण बेलापूरला, पामबीच रस्ता जिथे संपतो त्याच्या जवळच, झाडीत एक पडका बुरूज उभा आहे. बसमधून जाणाऱ्यांपैकी फारच थोडे त्याच्याकडे मान वळवून पाहतात. हा बेलापूरचा किल्ला. पनवेलच्या खाडीच्या तोंडावर तो आधी सिद्द्यांनी बांधला. पुढे तो पोर्तुगीजांच्या हाती गेला, १७३०च्या दशकात मराठ्यांनी घेतला आणि १८१७ साली इंग्रजांनी. मी दर वर्षी सातवीच्या मुलांना तिथे नेत असे. मुले बुरुजावर चढत, मी खाली उभी राहून ओरडत असे, आणि त्या ओरडण्यातच चारशे वर्षे सांगून होत.

आता वाचकहो, नकाशा डोळ्यांपुढे आणा. वसई १५३४ सालच्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांना दिली. मुंबईची बेटे त्यांच्याकडे गेली, साष्टी गेली, ठाण्याला त्यांचा अंमल बसला. दक्षिणेस चौलला त्यांचे ठाणे आधीपासूनच होते, आणि रेवदंड्याची तटबंदी व समोरच्या डोंगरावरचा कोर्लई आजही उभे आहेत. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा उत्तर कोकणातली ही दोनशे वर्षांची सत्ता मोडली, आणि दुसऱ्याच वर्षी चौल व कोर्लईही मराठ्यांकडे आले. वसईच्या स्वारीतल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांतून अजून वाजतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली प्रसिद्ध घंटा पोर्तुगीज आहे, आणि तिच्यावर १७२१ साल कोरलेले आहे. ज्यांच्या देवळातली घंटा आपण रोज वाजवतो, त्यांचे घर एकदा पाहून यावे असे वाटले, तर त्यात नवल ते काय?

आंदणाची गोष्ट

शाळेत मी एक प्रश्न हमखास विचारीत असे: 'मुंबई इंग्रजांना कशी मिळाली?' मुले एका सुरात उत्तर देत: 'आंदण म्हणून!' आंदण घेणारा नवरा सर्वांना ठाऊक असतो, इंग्लंडचा दुसरा चार्ल्स. पण नवरी? तिचे नाव कॅथरिन, आणि तिच्या माहेरचे घराणे ब्रागान्सा, ह्यापलीकडे पाठ्यपुस्तकही जात नाही. आपल्याकडे लग्नात काय दिले ह्याची यादी आठवते, आणि मुलगी मात्र विसरली जाते. हा रिवाज पोर्तुगालपर्यंत पोचला होता म्हणायचा!

ही कातारीना १६३८ साली विला विसोझा नावाच्या लहानशा गावी जन्मली. दोन वर्षांनी, १६४० साली, पोर्तुगालने स्पेनचे जू झुगारले आणि तिचे वडील राजे झाले. पण स्पेन काही गप्प बसेना. लहान राज्याला मोठ्या शेजाऱ्याविरुद्ध कुणाचा तरी आधार हवा होता. तो इंग्लंडचा मिळाला, आणि त्याची किंमत म्हणजे १६६१ सालचा विवाहाचा करार. मुलीबरोबर रोकड, आफ्रिकेतले टँजियर आणि मुंबई! मुंबईच्या लोकांना कुणी विचारले नाही, आणि कातारीनालाही बहुधा कुणी विचारले नसेल. इंग्रजांना ही बेटे प्रत्यक्ष ताब्यात मिळायला १६६५ साल उजाडले, आणि १६६८ साली राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. दहा पौंड! आज आमच्या वाशीत तेवढ्या पैशांत दोघांचे धड जेवणसुद्धा होणार नाही.

सासरी तिला मूल झाले नाही. नवऱ्याचे रंगढंग सर्व युरोपला ठाऊक होते. धर्मही वेगळा, म्हणून दरबार तिच्याकडे संशयानेच पाही. तिने एक गोष्ट मात्र केली. माहेरची चहा पिण्याची सवय तिने इंग्लंडच्या दरबारात रुजवली. पुढे नवरा वारला, आणि १६९३ साली ती माहेरी परतली. आजारी भावाच्या वतीने तिने काही काळ राज्यकारभारही पाहिला, आणि १७०५ सालच्या शेवटच्या दिवशी लिस्बनमध्ये देह ठेवला. तिथल्या सांव विसेन्त द फोरा ह्या मठात, ब्रागान्सा घराण्याच्या समाध्यांत, तीही आहे.

माझ्या यादीतले पहिले नाव हे. मुंबईच्या कुशीत आयुष्य काढलेल्या बाईने त्या बाईच्या समाधीपाशी दोन मिनिटे उभे राहायला नको का? यादीतले दुसरे नाव विला विसोझा. लिस्बनहून आगगाडीने दीड तासात एव्होराला पोचता येते. तिथे रोमन काळातल्या देवळाचे खांब अजून उभे आहेत. एव्होराहून साठेक किलोमीटरवर कातारीनाचे माहेर. संगमरवराच्या खाणींचा तो मुलूख, आणि राजवाड्याची दर्शनी भिंतही संगमरवरी. ह्यांना समाध्यांत रस नाही, पण आगगाडीत आहे. पासष्ट वर्षांवरील माणसाला पोर्तुगालच्या रेल्वेत अर्धे तिकीट पडते हे वाचल्यापासून ह्यांचे मत एकदम बदलले. एसटीत अर्ध्या तिकिटाचा अनुभव गाठीशी असल्यामुळे युरोपही आपलाच वाटू लागला.

भाषेचा प्रश्न

'तिथे इंग्रजी चालत नसेल तर काय कराल?' हा दुसरा प्रश्न. उत्तर असे की आपण सगळेच थोडे थोडे पोर्तुगीज बोलतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. परवा मी एक वाक्य मुद्दाम तयार केले: 'मेस्त्रीने पगार घेतला, पाव, बटाटे आणि कोबी आणला, चावी लावून दार उघडले आणि बादली घमेल्याशेजारी ठेवली.' ह्यात मेस्त्री, पगार, पाव, बटाटा, कोबी, चावी, बादली आणि घमेले, इतके शब्द पोर्तुगीजांनी आपल्या पदरात टाकलेले आहेत. लिलाव त्यांचा, पिंप त्यांचे, अननस आणि काजू त्यांचे, नाताळ तर त्यांचाच. हापूस हा 'अफोन्सो'चा मराठमोळा अवतार. उपासाची बटाट्याची भाजी घ्या. बटाटा आणि मिरची दोन्ही अमेरिकेतल्या, आणि त्या आपल्या किनाऱ्याला लागल्या पोर्तुगीजांच्या जहाजांतून. आमच्या आजेसासूबाई म्लेंच्छांच्या नावाने आंघोळ करीत, आणि एकादशीला हीच भाजी देवापुढे ठेवीत!

तेव्हा भाषेची चिंता फारशी नाही. 'बों दीया' म्हणजे नमस्कार, सकाळचा. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादो' म्हणायचे आणि बाईने 'ओब्रिगादा'. ह्यांनी सवय व्हावी म्हणून घरात सुरुवात केली आहे. चहाचा कप हातात दिला की 'ओब्रिगादो' म्हणतात. चाळीस वर्षांच्या संसारात चहाबद्दल आभार मानण्याची ही पहिलीच वेळ. ह्या एका गोष्टीसाठीसुद्धा प्रवासाची आखणी करावी, असे मी माझ्या मैत्रिणींना सांगितले आहे.

जेवणाचे म्हणाल, तर खारवलेला कॉड मासा हा त्यांचा जीव की प्राण. मी मासे खाते, हे खात नाहीत. ह्यांच्यासाठी भात, बटाटे, चीज, फळे आणि पाव एवढे कुठेही मिळेल. दालचिनी भुरभुरलेली तांदळाची खीरही तिथे आवडीने खातात. लिस्बनच्या बेलें भागात १८३७ पासून चालत आलेले एक दुकान आहे. तिथल्या कस्टर्डच्या लहान पेस्ट्रींची कीर्ती जगभर आहे. त्यांत अंडे असते हे ह्यांना तिथे पोचल्यावर सांगायचे, असे मी ठरवले होते. आता ते हा लेख वाचतील!

कागदांचा डोंगर

आता व्यवहाराकडे वळते, कारण वाचकांपैकी कुणी हाच बेत आखीत असेल तर त्याला उपयोग व्हावा. पोर्तुगाल हा शेंगेन करारातल्या २९ देशांपैकी एक. ज्या देशात जास्त रात्री राहायचे, त्या देशाकडे अर्ज करायचा. एकच व्हिसा सर्व देशांना चालतो, आणि १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्ज निघण्याच्या दिवसाआधी सहा महिन्यांपासून देता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. पण पंधरा दिवसांवर विसंबून राहणारा माणूस एकतर फार धाडसी असावा, नाहीतर अविवाहित. पारपत्र परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवे, दहा वर्षांच्या आत काढलेले हवे आणि त्यात दोन कोरी पाने हवीत. निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा सक्तीचा आहे. फी मोठ्या माणसाला ९० युरो. एका युरोला शंभराच्या आगेमागे रुपये धरले, की माणशी नऊ हजारांच्या घरात गोष्ट जाते, आणि अर्ज गोळा करणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावे लागते. एकदा दिले की ५९ महिने पुन्हा द्यावे लागत नाहीत. पारपत्रावर शिक्का मारून घेण्याची हौस मात्र विसरा. ऑक्टोबर २०२५ पासून सरहद्दीवर टप्प्याटप्प्याने यंत्राची नोंद सुरू झाली, चेहरा आणि ठसे टिपणारी. शाईच्या शिक्क्याची जागा तिने घेतली.

सगळ्या कागदांचे सार दोनच वाक्यांत आहे: 'माझ्याजवळ पैसे आहेत' आणि 'मी परत येणार आहे'. पहिले वाक्य बँकेचा खातेउतारा आणि प्राप्तिकराची विवरणपत्रे सांगतात. दुसरे सांगायला पेन्शनरजवळ काय असते? नोकरी नाही, म्हणून रजेचे पत्रही नाही. आम्ही फ्लॅटचे कागद जोडले, पेन्शनचा कागद जोडला, आणि पत्रात एक ओळ लिहिली: 'घरी वृद्ध वडील आहेत.' ह्यापेक्षा खात्रीचा परतीचा दाखला दुसरा नाही, असे मला वाटते.

विमानाचे म्हणाल, तर आमच्या उलव्याच्या नव्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि आमची मान उंचावली. परंतु आम्हाला जमणारे तिकीट सहारचेच निघाले, आणि वाटेत एकदा विमान बदलायचे आहे. म्हणजे घराजवळचा विमानतळ टाकून खाडी ओलांडायची आणि मग समुद्र. एकेकाळी परदेशी निघालेल्या माणसाला सरकार मोजून आठ डॉलर देई. त्याच्या तुलनेने आमची तक्रार ती काय!

मामंजी

हे सगळे चालले असताना घरातले एक माणूस काहीच बोलत नव्हते. माझे सासरे. मामंजी नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत, पण कान तिखट आहेत आणि वर्तमानपत्र अग्रलेखासकट वाचतात. आम्ही इटली म्हणालो तेव्हा त्यांनी रोमच्या उन्हाळ्याबद्दल सूचना दिल्या. ग्रीस म्हणालो तेव्हा सॉक्रेटिसाचे दोन किस्से सांगितले. पोर्तुगालचे नाव निघाले आणि ते वर्तमानपत्राची घडी घालून आपल्या खोलीत गेले.

कारण आम्हा दोघांनाही ठाऊक होते. १९५५ साली मामंजी एकोणीस वर्षांचे होते आणि पुण्यात कॉलेजात शिकत होते. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला गोव्याच्या सरहद्दीवर ठिकठिकाणांहून हजारो निःशस्त्र सत्याग्रही आत शिरले, त्यांत ते होते. त्या दिवशी गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मारली गेली. बांद्याजवळ पत्रादेवीला त्यांचे स्मारक आहे. आमच्या शेजारच्या पनवेलचे हिरवे गुरुजी ह्याच गोव्याच्या लढ्यात हुतात्मा झाले. मामंजींना गोळी लागली नाही, दंडुका लागला. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. गुढीपाडव्याला गुढी दुसऱ्याने उभारायची, हा आमच्या घरचा रिवाज त्या दिवसापासूनचा. त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. लग्न होऊन आल्यावर चार वर्षांनी मला त्याचे कारण कळले, आणि तेही सासूबाईंकडून.

असे माणूस घरात असता, त्या देशात जाऊन कस्टर्डच्या पेस्ट्री खायच्या का? मी इतिहासाची शिक्षिका. चिमाजीअप्पांची वसई मला पाठ आहे, आणि तीनशे वर्षांपूर्वीच्या जखमांवर बोलताना माझी जीभ अडखळत नाही. परंतु ही जखम जेवणाच्या टेबलापाशी माझ्या समोर बसते आणि उजव्या हाताने ताक वाढून घेते. एके रात्री मी त्यांच्या खोलीत गेले आणि सरळ म्हटले, "मामंजी, तिकिटं अजून काढलेली नाहीत. तुम्ही नको म्हणालात तर आम्ही इटलीला जाऊ. मनात काही ठेवू नका."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मला विचार करू दे, सूनबाई. सत्तर वर्षं ह्या गोष्टीचा विचार केला नाही. आठ दिवस लागतील."

आठ नाही, अकरा दिवस लागले. त्या दिवसांत त्यांनी माझ्याकडून पुस्तके मागून घेतली, पांडुरंग पिसुर्लेकरांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' काढायला लावला, आणि नातवाला फोन करून इंटरनेटवरून काय काय वाचून घेतले. मग एका सकाळी त्यांनी आमचा कार्यक्रमाचा कागद मागितला. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारले, "पंचवीस एप्रिलला तुम्ही पोर्तोला आहात. का?"

ह्यांनी सांगितले, "अण्णा, त्या दिवशी तिकडे सुट्टी असते. लिस्बनला गर्दी होईल, म्हणून."

"त्या दिवशी लिस्बनलाच राहा," मामंजी म्हणाले. "गर्दीत राहा."

आणि मग आम्ही मामंजींकडून पोर्तुगालचा इतिहास ऐकला. माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्यात तो कधी आला नव्हता, कारण आपले पाठ्यपुस्तक १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला की पोर्तुगालचे पान बंद करते. ज्या सालाझारने गोवा सोडायचे नाकारले, तो १९३२ पासून १९६८ पर्यंत स्वतः पोर्तुगीजांच्याच मानेवर बसला होता. त्याच्या गुप्त पोलिसांनी किती माणसे तुरुंगात घातली, किती देशोधडीला लावली! गोव्यात शेवटच्या माणसापर्यंत लढा, असा हुकूम त्याने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा ह्यांना दिला होता. त्यांनी माणसे मरू न देता शरणागती पत्करली. तर मायदेशी परतल्यावर त्यांची सैन्यातून हकालपट्टी झाली. मूळचे गोव्याचे असलेले लेखक ओर्लांदो द कोश्ता ह्यांना लिस्बनमध्ये ह्याच पोलिसांनी पकडले. त्यांचे चिरंजीव आंतोनियो कोश्ता, ज्यांना मडगावचे नातेवाईक 'बाबुश' म्हणतात, ते २०१५ पासून २०२४ पर्यंत पोर्तुगालचे पंतप्रधान होते. आणि २५ एप्रिल १९७४ रोजी सैन्यातल्या तरुण अधिकाऱ्यांनीच ती राजवट उलथून टाकली. लोक रस्त्यांवर आले, आणि शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत तांबडी कार्नेशनची फुले खोवली गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. १९५५ साली तुटलेले संबंध पुन्हा जुळले.

"म्हणजे त्यांना आपल्यानंतर तेरा वर्षांनी मोकळीक मिळाली," मामंजी म्हणाले. "ज्याच्या शिपायांनी आम्हाला मारलं, त्यानं ह्या लोकांनाही मारलं. हे मला ठाऊक होतं, पण मी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं."

"मग तुम्ही त्यांना माफ केलंत, असं समजू?" ह्यांनी विचारले. मुलाने विचारायला नको होता असा प्रश्न होता. मामंजी शांतपणे म्हणाले, "माफ करणारा मी कोण? पत्रादेवीला जे पडले, त्यांना विचार. मी फक्त तुम्हाला जायला सांगतोय."

नवा कार्यक्रम

तेव्हा कार्यक्रम बदलला. १८ एप्रिलला निघायचे आणि ३० ला परत. लिस्बनला सात रात्री, एव्होराला दोन आणि पोर्तोला दोन. जेरोनिमुशच्या मठात वास्को द गामाचे थडगे आहे. त्याबद्दल मामंजींची सूचना अशी: "पाहा, पण हात जोडायचं कारण नाही. त्याला रस्ता सापडला, एवढंच." लिस्बनच्या मोठ्या चर्चजवळ अल्जूब नावाचा जुना राजकीय तुरुंग आहे. २०१५ सालच्या २५ एप्रिलला तिथे संग्रहालय उघडले. ते मामंजींनी यादीत घातले. आणि त्याच्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने एक नाव लिहिले: काशियाश.

लिस्बनहून समुद्राच्या कडेने जी लोकल काश्काइशकडे जाते, तिच्यावरचे हे एक लहान स्टेशन. तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात मोहन रानडे होते. मूळचे सांगलीचे, गोव्यात मराठी शाळेवर शिक्षक म्हणून राहिलेले आणि आझाद गोमंतक दलाचे. १९५५च्या ऑक्टोबरात ते जखमी होऊन पकडले गेले. गोवा १९६१ साली सुटला, पण रानडे सुटले नाहीत, कारण त्यांना पोर्तुगालला नेऊन ठेवले होते. त्यांच्या सुटकेसाठी इकडे जी खटपट झाली, तीत सुधीर फडके पुढे होते. रानडे १९६९ च्या जानेवारीत सुटले. म्हणजे देश मोकळा झाल्यावरही सात वर्षे एक मराठी शिक्षक त्या भिंतीआड बसून होता. २०१९ साली पुण्यात त्यांचे निधन झाले.

"तिथं काय करायचं, मामंजी?" मी विचारले. "फुलं वाहायची का?"

"काही करायचं नाही. भिंतीबाहेर उभं राहायचं. मनात म्हणायचं, रानडे घरी आले. आणि परतीची लोकल पकडायची."

हे आता तिकिटांच्या मागे लागले आहेत. पुण्याची मुलगी बारा दिवस मामंजींजवळ येऊन राहणार आहे. त्यांच्या औषधांचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला आहे. ह्या वयाच्या माणसाला मागे ठेवून जाताना पाय निघत नाही, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. मामंजींना ते सांगितले, तर म्हणाले, "मी एकोणिसाव्या वर्षी आईला न सांगता गेलो होतो. तुम्ही निदान विम्यासकट जाताय."

दिवाळीचा फराळ आवरला की अर्ज द्यायचा. तो भरून तयार आहे. त्यात 'प्रवासाचा हेतू' म्हणून एक रकाना असतो आणि त्यापुढे बरेच पर्याय: पर्यटन, व्यापार, नातलगांची भेट, संस्कृती, खेळ, शिक्षण, औषधोपचार. मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले होते. कातारीनाची समाधी, बेलापूरचा बुरूज, काशियाशची भिंत, हे सगळे कुठल्या चौकोनात बसवायचे? शेवटी मामंजींनाच विचारले. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पहिल्याच चौकोनावर बोट ठेवले.

"पर्यटन," ते म्हणाले. "ते मोकळे, आपण मोकळे. आता एकमेकांकडे हिंडायलाच जायचं."